नायकाचे वकीलपत्र

आम्ही समीक्षक नव्हे. लातूरहून नांदेडला जाताना चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावे मागे पडत असतात आणि एस.टी.च्या धक्क्यांत मांडीवर एखादी जाडजूड कादंबरी उघडी असते, एवढीच काय ती आमची वाङ्मयसेवा. अशा प्रवासांत अलीकडे जी काही लोकप्रिय पुस्तके वाचून झाली, काही प्रथमच तर काही पुन्हा एकदा, त्यांच्याविषयी आमचे एक गाऱ्हाणे आहे. ते वाचकांपुढे स्पष्टपणे मांडावे म्हणतो.

प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांशी दोन शब्द. 'कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात' असे आपल्या धर्मग्रामांत आजही ऐकू येते. त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, दावीद राजाला वठणीवर कोणी आणले? नाथान संदेष्टा राजाकडे गेला तो उपदेश घेऊन नव्हे, तर एक कल्पित गोष्ट घेऊन. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावल्याची ती गोष्ट ऐकून राजा संतापला, आणि मग त्याला कळले की गोष्टीतला अपराधी आपणच आहोत. कल्पित कथेचे सामर्थ्य हे असे असते. तेव्हा कथेवर बंदी नको. आमचे भांडण आहे ते वेगळ्याच कारणासाठी.

भांडण असे की आमच्या अत्यंत आवडत्या कादंबऱ्या नाथानाचे काम करीत नाहीत. त्या दावीदाचे वकीलपत्र घेतात. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) घ्या. भाषा अशी ओघवती की अहमदपूर कधी आले आणि कधी गेले हे कळत नाही. कथा नऊ निवेदनांत सांगितली आहे. त्यांतली चार स्वतः कर्णाची. उरलेली कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांची. भर सभेत जिची विटंबना झाली त्या द्रौपदीला मात्र एकही निवेदन नाही! कर्णाच्या दुःखाने आमचे डोळे भरून आले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्याच कर्णाने त्या सभेत जे शब्द उच्चारले त्यांचा हिशेब मागणारे त्या नवांत कोणी बसलेलेच नाही. साक्षीदार सारे एकाच बाजूचे असले, तर निकाल काय लागणार हे सांगायला वकील कशाला हवा?

याउलट वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) पाहा. तिथेही राजा आहे, राजवाडा आहे, वासना तर पानोपानी आहे. परंतु ययाति स्वतःच्या तोंडाने स्वतःचे पाप सांगतो, आणि त्याच्याइतक्याच हक्काने देवयानी बोलते, शर्मिष्ठाही बोलते. प्रायश्चित्त संस्काराला गुडघे टेकणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. पापनिवेदन म्हणजे स्वतःची कैफियत नव्हे. 'परिस्थितीच तशी होती' हे वाक्य तिथे चालत नाही. मग कादंबरीत ते इतके गोड का लागावे? कारण नायकाला सूट मिळाली की वाचकालाही आपोआप सूट मिळते.

एवढ्यावरच थांबले असते तरी आम्ही गप्प बसलो असतो. परंतु नायकाचे वकीलपत्र हळूहळू इतिहासाचा दाखला म्हणून मिरवू लागते. सावंतांच्याच 'छावा' (१९७९) या कादंबरीवरचा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, आणि मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात लोक मोगलांच्या सोन्यासाठी रात्री शेते उकरताना दिसले. कादंबरीकाराने काही असे सांगितले नव्हते. दोष आमच्यासारख्या वाचकांचा, ज्यांना भावना आणि पुरावा यांतला फरक कोणी शिकविला नाही, किंवा शिकविला तेव्हा आम्ही पाने उलटून पुढे गेलो. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. दंतकथा बाजूस सारून शिवरायांच्या कर्तृत्वाची चिकित्सा कशी करावी, याचा तो वस्तुपाठच. नांदेडात राहून आम्ही ती प्रस्तावना वर्षानुवर्षे वगळून कादंबरी वाचली, हे कबूल करताना संकोच वाटतो.

कोणी म्हणेल, दिवसभर राबलेल्या माणसाने घटकाभर राजवाड्यात विसावा घेतला तर तुमचे काय बिघडले? काही नाही. विसावा अवश्य घ्यावा. मात्र कायमचा मुक्काम तिथे नसावा. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) आमच्या ओळखीच्या घराघरांत आहे. त्यांचीच धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' (१९९१) फार थोड्यांकडे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या पहाटेने ज्या जिल्ह्यात गावेच्या गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली, त्या जिल्ह्याने तरी पुनर्वसनाची कादंबरी शोधून वाचायला हवी होती. आणि लातूर तालुक्यातल्या काटगावात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१)? गावच्या वैरापायी एका शिंप्याचे घर कसे उधळले जाते, हे त्यात शिंप्याची बायको आपल्याच बोलीत सांगते. त्यात ना मुकुट, ना तलवार. वाचून झाल्यावर डोळे पुसण्याआधी आम्हांला प्रश्न पडला की आमच्या गल्लीत असे घर कोणते, आणि ते उधळत असताना आम्ही कोणाच्या ओसरीवर बसलो होतो?

दुसराही आक्षेप येईल. इतरांच्या नायकांना बोल लावणाऱ्या आपण मूठभर ख्रिस्ती लोकांनी आधी आपले पाहावे. हा आक्षेप आम्ही शिरोधार्य मानतो. आपल्याकडची संतचरित्रेही पुष्कळदा अशीच वकिली करतात. पाळण्यापासून थडग्यापर्यंत संताचे पाऊल कुठे चुकतच नाही. परंतु शुभवर्तमानांनी असे केले नाही. पेत्राने तीनदा गुरूला नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानकारांनी नोंदविली; एकानेही ती झाकली नाही. बाबा पदमनजी आपल्या पंथाचे नव्हते, परंतु ख्रिस्तशिष्य होते. त्यांनी १८५७ साली 'यमुना पर्यटन' लिहिले, ते कोणा महापुरुषासाठी नव्हे, तर विधवांच्या हालअपेष्टा समाजापुढे मांडण्यासाठी. मराठी कादंबरीचा आरंभ असा झडती घेण्यातून झाला आहे. तो वारसा आपण सोडावा काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. रविवारच्या मिस्सानंतर चहाच्या पेल्याबरोबर एकमेकांची पुस्तके बदलावीत. राजेमहाराजे अवश्य वाचावेत, परंतु पुस्तक मिटताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: ह्या कथेत कोणाला बोलूच दिले नाही? उत्तर सापडले, की तीच कथा वकिलाच्या हातून सुटून नाथानाच्या हाती जाईल. मग कदाचित ती बोट आपल्याकडे दाखवील. तेवढी तयारी ठेवूनच पुढचे पान उघडावे.