'स्टेबल' म्हणजे नेमकं काय?

रात्रीचे दोन. लहान मुलांच्या आयसीयूबाहेर माझा दादा, एरवी सिग्नललाही हॉर्न न वाजवणारा माणूस, रेसिडेंट डॉक्टरच्या अंगावर धावून गेला. भाची सहा वर्षांची. डेंग्यू. सकाळचे डॉक्टर म्हणाले, 'स्टेबल आहे.' संध्याकाळचे म्हणाले, 'क्रिटिकल आहे.' आता हा तिसरा व्हेंटिलेटरसाठी सही मागत होता. दादा ओरडला, "मग दिवसभर केलंत काय?"

खरं तर खोटं कुणीच बोलत नव्हतं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचेच 24 ते 48 तास धोक्याचे. डॉक्टरांच्या भाषेत 'स्टेबल' म्हणजे 'या घडीला ठीक'. आपण ऐकतो, 'बरी होतेय'. वादाची ठिणगी पडते ती इथे!

दादाला आवरलं ते सीनियर सिस्टरनी. सिक्युरिटीला न बोलावता त्यांनी त्याला खुर्ची दिली, स्वतः समोर बसल्या. "दादा, कसली भीती वाटतेय ते आधी सांगा." दादा ढसाढसा रडला. मग त्याच डॉक्टरने कागदावर फुप्फुसं काढून सगळं समजावलं. दहा मिनिटांत सही झाली.

महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे. डॉक्टरवर हल्ला केलात तर तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. हवाच तो. पण तो येतो हात उगारल्यावर. लंडनमध्ये 2017 साली चार्ली गार्ड या तान्ह्या बाळाच्या उपचारांवरून आई-वडील आणि हॉस्पिटल थेट कोर्टात गेले. वाद एवढा पेटला, की स्टाफला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. अशा प्रकरणांत आधी मध्यस्थी करून पाहा, असं शेवटी न्यायाधीशांनाच म्हणावं लागलं.

देव करो आणि तुमच्यावर वेळ न येवो. पण आलीच, तर एवढं करा:

* घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलायचं, बाकीच्यांना त्याने कळवायचं.
* रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच डॉक्टरांना भेटायचं.
* प्रश्न वहीत लिहून न्यायचे. शब्द कळला नाही तर बिनधास्त विचारायचं.
* सेकंड ओपिनियन हवं तर सरळ मागायचं, तो तुमचा हक्कच आहे.

आणि डॉक्टरलोक, तुम्हीही उभ्याउभ्या नका ना सांगू. दोन मिनिटं बसा.

भाची आता शाळेत जाते. दादाने डॉक्टरला सॉरी म्हटलं. तो पंचविशीतला पोरगा म्हणाला, "सर, मीही घाबरलो होतो."