डबा विकू नका, हिशेब द्या



बैठकीत गाड्यांवरच्या डब्यांचा विषय काढला की कोणीतरी हमखास विचारतो, "गाड्या वाहतूकदाराच्या, डबे कंपनीचे, त्यात आपले काय?" आमचे उत्तर सरळ आहे. त्यात आपले भाडे आहे. व्यापारी शहरातला भाव पाहतो. त्यातून भाडे, हमाली, घट आणि स्वतःचा नफा वजा करतो आणि उरेल तो भाव आपल्या हातावर ठेवतो. रस्त्यावर जे वाया जाते ते शेवटी कापसाच्या आणि ज्वारीच्या भावातूनच कापले जाते.

मध्यंतरी आम्ही पालघर-बोईसर भागात फिरून आलो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिल्हार फाट्याला वळले की रस्ता बोईसरला जातो. तिथेच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, पोलाद आणि कापड असे सगळे कारखाने तिथे आहेत. आपल्या कापसाचे सूत असल्या कापड कारखान्यांकडे जाते आणि आपल्या सरकीची पेंड म्हशींच्या तबेल्यांकडे. वसाहतीत कारखान्यांच्या फाटकांबाहेर मालमोटारींच्या रांगा उभ्या होत्या.

एका वाहतूकदाराच्या कचेरीत भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर ठिपके सरकत होते. मालक अभिमानाने म्हणाले, "कुठली गाडी कुठे आहे, सगळे इथे बसून दिसते." आम्ही तीन प्रश्न विचारले. गेल्या महिन्यात तुमच्या गाड्या फाटकावर किती तास उभ्या राहिल्या? किती किलोमीटर रिकाम्या धावल्या? उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून किती डिझेल जळाले? तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही! डब्यात मिनिटामिनिटाची नोंद पडून होती, पण तिचा हिशेब कोणी मांडला नव्हता. विकणाऱ्याने डबा बसवला, पैसे घेतले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. घोडे पेंड खाते ते इथे.

हा हिशेब किती मोलाचा आहे ते पाहा. समजा, गाडीत शंभर क्विंटल माल आहे आणि गाडी एक दिवस उभी राहिली तर मालकाचे तीन हजार रुपये बुडतात. म्हणजे क्विंटलमागे तीस रुपये. वाहतूकदार ते पदरचे घालत नाही. पुढच्या भाड्यात चढवतो, आणि व्यापारी ते आपल्या भावातून काढतो. तीस रुपयांसाठी आपण बाजार समितीत दिवसभर हुज्जत घालतो, आणि इथे तेवढेच रुपये कोणाला न कळता फाटकावर सांडतात.

हा डबा आहे तरी काय? उपग्रहावरून गाडीची जागा टिपणारे यंत्र, निरोप पाठवणारे सिमकार्ड, आणि काही डब्यांत इंजिनाची नाडी पाहणारी तार. १ जानेवारी २०१९ पासून केंद्र सरकारने नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी असे यंत्र आणि संकटाचे बटण लावण्याचा नियम आणला. महिंद्राने तर २०१६ सालीच ट्रक आणि ट्रॅक्टरसाठी डिजिसेन्स आणले. म्हणजे डबा काही दुर्मिळ राहिलेला नाही. आज एकाने केलेला डबा उद्या दुसरा स्वस्तात करतो. चालकाच्या खिशातला मोबाइलसुद्धा गाडीची जागा सांगतो. नुसत्या डब्यावर दुकान मांडणाऱ्यांची पुढे एकमेकांचे भाव पाडण्यातच दमछाक होणार. वर्ष संपले की सिमचे पैसे भरायला गिऱ्हाईक तयार नसते, कारण पडद्यावरचे ठिपके पाहून त्याचा एक रुपयाही वाचलेला नसतो. ज्याने त्याला "अमुक फाटकावर मंगळवारी जाऊ नका, परतीचा माल तमुक ठिकाणी मिळेल, ब्रेक बिघडण्याआधी गाडी दाखवा" असे सांगितले, त्याला मात्र तो सोडणार नाही.

आम्ही शेतकी शिकलो तेव्हा पहिला धडा हाच होता. पर्जन्यमापक पाऊस पाडत नाही. त्यातला आकडा रोज वाचावा, मागच्या वर्षांशी ताडून पाहावा आणि मग पेरायचे की थांबायचे ते ठरवावे, तर त्याचा उपयोग. मातीचा नमुना तपासून पत्रिका घरी आली आणि खताची मात्रा तीच राहिली, तर तपासणी वाया गेली. गाडीच्या डब्याचे तेच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही, त्याचे सगळे वर्ष वेळेवरच्या एका निर्णयावर उभे असते.

यात नुसत्या पैशाचाच प्रश्न नाही. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले, विषारी वायू पसरला आणि सहा कामगार मेले. हे रसायन तळोज्याकडून आले होते, असे पोलीस तपासात पुढे आले. तळोजा ते सुरत हा महामार्ग पालघर जिल्ह्यातूनच जातो. घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेबरोबर कागद असलाच पाहिजे, असे २०१६ चे नियम सांगतात. आता टँकरवर डबा असला तरी तो ठिपकाच दाखवणार. रात्री दोन वाजता टँकर खाडीच्या पुलावर वीस मिनिटे का थांबला, भरताना आणि उतरवताना वजन जुळले का, कागदावरच्या ठिकाणी तो पोहोचला का, हे ताडून त्याच रात्री कोणाला तरी उठवले, तरच जीव वाचतील. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या मच्छीमारांना राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले. त्यांच्या खाडीला ठिपक्यांचा काय उपयोग?

काही जण म्हणतील, यंत्रच खोटे असेल तर हिशेब खरा कसा? बरोबर आहे. झाडाखाली ठेवलेला पर्जन्यमापक खोटाच बोलणार. यंत्र चांगले असलेच पाहिजे. पण चांगला तराजू घेऊन कोणी वजनच केले नाही, तर तराजूवाल्याचे कौतुक कशाला?

दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. हिशेब निघाला तर तो कोणाचा? ट्रॅक्टर आपला, डिझेल आपले, शेत आपले, आणि नोंद मात्र कंपनीच्या घरी? युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने अशा यंत्रातून निघणारी माहिती वापरणाऱ्याला मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि त्यात ट्रॅक्टरही येतो. तिथल्या शेतकऱ्याला जे मिळते ते आपल्याला का नको?

म्हणून आमच्या मागण्या तीन. ट्रॅक्टर आणि मालमोटारीच्या डब्यातली नोंद मालकाला मराठीत, वाचता येईल अशी आणि फुकट मिळावी. भाड्याच्या पावतीवर गाडी किती तास उभी राहिली ते लिहावे, म्हणजे आपण कशाचे पैसे मोजतो ते कळेल. आणि घातक कचऱ्याच्या टँकरची नोंद ज्या गावांतून तो जातो त्या ग्रामपंचायतींना पाहता यावी.

डबे विकणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. तुमच्या धंद्याशी आमचे वैर नाही. पण आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा कारभार फार दिवस चालत नसतो. पीठ कुठे जाते ते दाखवा, गिऱ्हाईक तुमच्या दारी येईल.

आणि भावांनो, या हंगामात माल गाडीत चढवाल तेव्हा चालकाला आणि व्यापाऱ्याला एकच विचारा, "मागच्या खेपेला गाडी किती तास उभी होती?" उत्तर लिहून ठेवा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. शंभर गावांचे शंभर कागद एकत्र आले की हिशेब आपलाच तयार होईल.