एक स्प्रे मारला की झालं!

आपल्या पिढीचं एक लाडकं वाक्य आहे. "एक स्प्रे मारला की झालं." मुंग्या आल्या, मार स्प्रे. बुटांना वास येतोय, मार स्प्रे. ऑफिसातही निराळं काही नाही. सर्व्हर लटकला? रीस्टार्ट मारला की झालं. बहुतेक वेळा हे चालूनही जातं, म्हणून तर सवय लागते. आणि मग कधीतरी ते नको तिथे वापरलं जातं. आजचा विषय त्या 'नको तिथे'चा आहे: पाळलेल्या इग्वानाच्या अंगावरचे माइट्स.

हसू नका राव. इग्वाना पाळणारे आपल्या आसपास तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. माझ्याकडेही एक आहे. कंपनीतला मित्र ऑनसाइटला कायमचा गेला, तेव्हा त्याचा इग्वाना नोंदणीच्या कागदांसकट माझ्याकडे आला. नाव आप्पा. हे नाव आईने ठेवलं, कारण गळ्याखाली लोंबणारी पिशवी आणि दिवसभर एका जागी बसून सगळ्या जगाकडे नापसंतीने बघणं, हे दोन्ही आमच्या एका आजोबांसारखं आहे म्हणे. सोसायटीतले काका मात्र अजूनही विचारतात, "काय रे, तुझी घोरपड कशी आहे?" काका, घोरपड वेगळी. ती आपल्या रानातली, मांसाहारी, आणि ती घरात ठेवणं गुन्हा आहे. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आणि पक्का शाकाहारी. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, लाल भोपळा खाऊन राहतो. श्रावण वर्षभर.

असो. मुद्द्यावर येतो. मागच्या वर्षी ओळखीतल्या एका मुलाचा इग्वाना मेला. माइट्सने नाही, औषधाने. डोळ्यांभोवती काळे ठिपके हलताना दिसले म्हणून तो जिथून प्राणी घेतला त्या दुकानात गेला. दुकानदाराने लेबल नसलेली एक बाटली दिली. "कुत्र्यांच्या गोचिडांवर जबरदस्त चालतं. टाकीत मारा, झाकण लावा, सकाळी सगळं साफ." सकाळी खरंच सगळं साफ होतं. इग्वाना मागचे पाय ओढत होता, अंग थरथरत होतं, दुपारपर्यंत संपलं. डॉक्टर म्हणाले, विषबाधा. तो मुलगा निष्काळजी नव्हता. उलट काळजी वाटली म्हणूनच धावत गेला होता. म्हणून हा लेख.

आधी शत्रू कोण ते बघू. माइट म्हणजे कोळ्याच्या जातभाईंपैकी एक. शेतकरी पिकावरच्या ज्याला 'लाल कोळी' म्हणतात तीच ही जमात, फक्त हे रस पिण्याऐवजी रक्त पितात. पाळलेल्या इग्वानावर प्रामुख्याने दोन प्रकार सापडतात. एक हर्स्टिएला, शेंदरी-लाल रंगाचा. दुसरा ऑफिओनिसस नॅट्रिसिस, म्हणजे सापांवरचा कुप्रसिद्ध माइट, काळपट-तपकिरी. आकार टाचणीच्या डोक्याहून लहान. डोळ्यांच्या कडा, कानाचा पडदा, काखा, गळ्याची पिशवी, शेपटीच्या मुळाशी असलेल्या घड्या, या त्यांच्या आवडत्या जागा. प्राणी उगाच तासन् तास पाण्यात बसू लागला, खाणं कमी झालं, कात नीट निघेनाशी झाली, खवल्यांवर पांढरी भुकटी दिसली, तर भिंग घेऊन बघा. ओल्या पांढऱ्या टिश्यूने अंग पुसा. टिश्यूवरचे ठिपके चालायला लागले की निदान झालं.

आता गंमत बघा. आपण बघतो ते इग्वानाच्या अंगावर, पण सापांच्या माइटची मादी अंडी घालते ती अंगाबाहेर. टाकीच्या कोपऱ्यातली फट, लाकडाची भेग, खाली अंथरलेला भुसा, जिथे अंधार आणि ओल असेल तिथे. अंडं, अळी, मग मधल्या दोन अवस्था, मग प्रौढ, असे पाच टप्पे. यातल्या फक्त दोन टप्प्यांत तो रक्त पितो: पहिली मधली अवस्था आणि प्रौढ. उरलेला वेळ तो प्राण्याच्या अंगावर असण्याचं काही कारणच नाही. म्हणजे ज्या इग्वानावर आपण स्प्रे मारतोय ती त्यांची खाणावळ आहे, घर नव्हे. खाणावळीवर धाड टाकून गावाची लोकसंख्या कमी होते का?

इथे जरा आकडेमोड करू, इंजिनिअरिंगचे पैसे वसूल. एक मादी आयुष्यात साधारण ६० ते ८० अंडी घालते. आपण ६० धरू. समजा टाकीत १००० माइट्स आहेत आणि तुमच्या औषधाने ९५ टक्के मारले. ९५ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन! उरले ५०. त्यात निम्म्या माद्या धरल्या तर २५. पंचवीस गुणिले साठ, दीड हजार अंडी. त्यातली एक तृतीयांश वाया गेली तरी पुन्हा हजार. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे डिस्टिंक्शन मिळवून दोन-तीन आठवड्यांत तुम्ही होता तिथेच. प्रत्यक्षात आकडे एवढे सरळ चालत नाहीत, मान्य, पण दिशा हीच असते. त्यात आणखी एक भर: या माइटची मादी नराशिवायही अंडी घालू शकते आणि त्यातून नर निघतात. एकच मादी उरली तरी वंश चालू. आपल्याकडच्या स्थळं बघण्याच्या त्रासापेक्षा फारच सुटसुटीत. :)

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे: माइट्स विषाने मरत नाहीत, कॅलेंडरने मरतात. औषधाचा जोर वाढवून काही होत नाही. जोर वाढवला की आधी प्राणी मरतो. टिकवायचं असतं ते सातत्य, दोन-तीन पिढ्या उलटून जाईपर्यंत. आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही.

त्याऐवजी आपण काय करतो? घरातलं झुरळांचं औषध. डांबराच्या गोळ्या. ढेकणांसाठी आजोबांच्या काळात वापरायचे तसलं काहीतरी जहाल. ढेकणांवर घरोघरी फवारलं जाणारं डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक तर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. एके काळी परदेशात साप-सरडे पाळणारे लोक याच विषाच्या पट्ट्या टाकीजवळ टांगायचे. आज कुठलाही शहाणा डॉक्टर तसं सांगणार नाही. "खवले आहेत ना, आत काय शिरतंय?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा इग्वानाला फिरताना बघावं. तो वाटेतली प्रत्येक वस्तू जिभेने चाटून तपासत जातो. तुम्ही फांदीवर, काचेवर, फरशीवर जे मारलंत ते त्याच्या पोटात गेलंच म्हणून समजा. आणि बंद टाकीत जे वाफेसारखं भरून राहतं ते छातीत.

मग आयव्हरमेक्टिन. कोविडमध्ये व्हॉट्सअॅपने घरोघरी पोहोचवलेलं हे नाव. औषध खरंच थोर आहे, ते शोधणाऱ्यांना २०१५ चं नोबेल मिळालंय, आणि डॉक्टर ते इग्वानाच्या माइट्सवर वापरतातही. पण वजनाला ग्रॅमपर्यंत मोजून, पातळ करून. आणि हेच औषध कासवांना जीवघेणं ठरतं. आता विचार करा, ज्याच्याकडे इग्वाना आहे त्याच्याकडे कोपऱ्यात एखादं कासव असण्याची शक्यता किती? फार. म्हणून मी इथे कुठल्याही औषधाचं प्रमाण लिहीत नाही, आणि तुम्हीही कुणाच्या फॉरवर्डवरून घेऊ नका.

मग करायचं काय? कंटाळवाणं काम. आप्पा आला तेव्हाच सोबत पाहुणे घेऊन आला होता, त्यामुळे पहिले सात आठवडे आमच्या घरी जे चाललं ते सांगतो.

पहिलं, डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचा नव्हे, सरपटणारे प्राणी बघणारा. आमचा डॉक्टर घरापासून दीड तासावर आहे. औषध त्याने ठरवलं, किती दिवसांनी परत द्यायचं तेही त्यानेच.

दुसरं, टाकी रिकामी. भुसा, सालं, शोभेची वेल, सगळं पिशवीत बांधून घराबाहेर. तळाला साधं वर्तमानपत्र, रोज बदलायचं. दिसायला दरिद्री दिसतं, पण पांढऱ्या कागदावर ठिपका लपत नाही. जुन्या फांद्या फेकल्या. टाकीच्या सगळ्या फटी कढत पाण्याने धुतल्या, पुसून कोरड्या केल्या. हे दर तीन-चार दिवसांनी, आणि तेवढा वेळ आप्पा अर्थातच बाहेर.

तिसरं, अंघोळ. कोमट पाणी, खांद्यापर्यंत, आपण शेजारी बसून. बरेच माइट्स बुडतात, पण काही हुशार डोक्याकडे पळतात. तिथे ओल्या कापसाने हलक्या हाताने पुसायचं. डोळ्यांजवळ औषध नाही, म्हणजे नाही.

चौथं, आजूबाजूचं. पडदा, गालिचा, ज्या टॉवेलवर तो बसतो तो टॉवेल. व्हॅक्यूम क्लीनर फिरवला तर त्यातली धूळ त्याच दिवशी बाहेर. उपाशी माइटसुद्धा काही आठवडे तग धरतो, त्यामुळे "आता दिसत नाहीत" या वाक्याला काडीची किंमत नाही.

हे सगळं चालू असताना उष्णतेचा आणि अतिनील किरणांचा दिवा मात्र बंद करायचा नाही. उबेशिवाय इग्वानाला अन्न पचत नाही, आणि आजारी प्राण्याला थंडीत ठेवणं म्हणजे माइट्सचं काम सोपं करणं.

फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं. धुतलं की फुली. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आज आप्पांचा वार आहे ना रे?" यात शूरपणाचं काही नाही. धुण्याभांड्यांच्या पातळीचं काम आहे. पण तेच लागू पडतं.

तुम्ही म्हणाल, एवढं कोण करणार? नोकरी, ट्रॅफिक, रात्रीचे कॉल्स. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर कडू आहे: मग घेऊ नका. दुकानात दिसतं ते तळहातावर मावणारं हिरवंगार पिल्लू. ते नीट जगलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं आणि शेपटीसकट पाच फुटांच्या पुढे जातं. विकणारा हे सांगत नाही, कारण त्याचा संबंध पिल्लाच्या पहिल्या आठवड्याशी. माइट्सही बरेचदा तिथूनच येतात. दहा प्राणी एका काचेत, वरच्या पेटीत साप, खालच्या पेटीत सरडे, दुसरं काय होणार? म्हणून नवा प्राणी आला की दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, हे एक साधं पथ्य पाळलं तर निम्मा लेख लिहावाच लागला नसता.

काही जण दुसरा शॉर्टकट सुचवतात: नको झालं तर टेकडीवर सोडून द्या, मोकळा जगेल. अजिबात नाही. पुण्याच्या थंडीत त्याचे हालच होतील, आणि जिथे हवा मानवली तिथे उलटा प्रश्न उभा राहतो. फ्लोरिडात असेच सुटलेले इग्वाना इतके माजले की २०२१ मध्ये तिथे नवे पाळण्यावरच बंदी आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ ला लागू झालेल्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. लोक याला कटकट म्हणतात. मला तो नियम आवडतो. एक फॉर्म भरायचा ज्याला कंटाळा येतो, तो सहा आठवडे टाकी धुणार आहे का? चाळणी म्हणून ठीक आहे.

आणि ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांच्यासाठी शेवटचं. इग्वाना कुत्र्यासारखा केकाटत नाही, मांजरासारखा ओरबाडत नाही. रक्त कमी होत जातं आणि तो नुसता थोडा जास्त शांत होतो. आपल्याला वाटतं, किती गुणी आहे. त्याला काय होतंय हे कळायला आपल्याकडे भिंग आणि कॅलेंडर एवढंच आहे. तेव्हा ठिपके दिसले तर घाबरू नका, बाटली उचलू नका. डॉक्टरला फोन करा, मग कॅलेंडरचं पान उलटा आणि पुढच्या सहा-सात शनिवारांवर फुल्या मारायला तयार राहा. तेवढे शनिवार आपण यापेक्षा फालतू गोष्टींवर घालवतोच की.