फोडलेला रस्ता नालीत नको, नव्या रस्त्यात टाका

मालेगावकर मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण वाचा. पैसा आपलाच आहे.

गावोगावचं चित्र एकच. सिमेंट रस्ता होतो, वर्ष-दोन वर्षांत पाइपलाइनसाठी तोच फोडतात. मलबा नालीत, नाहीतर कुणाच्या तरी धुऱ्यावर. मग नव्या रस्त्यासाठी खदानीतून पुन्हा नवी गिट्टी. टेकडी फोडा, रस्ता फोडा, परत टेकडी फोडा! बिल मात्र दरवेळी नवं.

हा मलबा कचरा आहे हे ठरवलं कुणी? गिट्टी-रेतीचं भारतीय मानक आयएस ३८३ हे २०१६ साली सुधारलं. त्यात साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत जाड गिट्टी जुन्या काँक्रीटची चालते. लोखंडाच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंत २० टक्के. गल्लीतले रस्ते बहुतेक साध्या काँक्रीटचेच असतात. त्याच वर्षीच्या केंद्राच्या नियमांत सरकारी कामांत असा माल १० ते २० टक्के वापरण्याची गोष्ट होती. मग निविदेत ती ओळ का दिसत नाही?

"भाऊ, जुनी गिट्टी कच्ची असते." अर्धं खरं आहे. तिला जुना मसाला चिकटलेला असतो, ती पाणी जास्त पिते, काँक्रीट जास्त आकसतं, तडे जातात. त्यालाच उपाय फायबर. आपल्या आजोबांनी भिंतीच्या मातीत कुटार कालवलं ते कशासाठी? घनमीटरला साधारण ९०० ग्रॅम बारीक पॉलिप्रॉपिलिन फायबर घातलं, तर काँक्रीट ओलं असतानाचे तडे कमी होतात. पोलादी फायबर पडलेल्या तड्याला रुंद होऊ देत नाही.

पण ठेकेदार साहेब, फायबर म्हणजे जादू नव्हे. त्याच्या नावावर सिमेंट कमी करता येणार नाही. विटा-प्लास्टर मिसळलेला मलबा चालणार नाही. गिट्टी आधी भिजवावी लागेल आणि रस्त्यावर पाणी मारावंच लागेल.

मागणी साधी आहे. एक गल्ली निवडा. अर्धा रस्ता नेहमीचा, अर्धा जुन्या गिट्टीचा आणि फायबरचा. दोन्हीचे क्यूब आणि बीम प्रयोगशाळेत तपासा, अहवाल गल्लीतच फलकावर लावा. दोन पावसाळ्यांनंतर निकाल आपण डोळ्यांनी बघू.

वॉर्डात पुढचं काम निघेल तेव्हा नगरसेवकाला एवढंच विचारा: जुन्या रस्त्याचा मलबा जाणार कुठं?