धर्माचा रकाना आणि जवळची वाट



आपल्या आजा-पणजांना शतकानुशतके एकच गोष्ट शिकविण्यात आली. तुमच्या वाट्यास आलेले हाल हे तुमच्याच गतजन्मीच्या कर्माचे फळ होय. सटवाईने कपाळी जे लिहिले ते पुसण्याचे सामर्थ्य कोणातही नाही. तेव्हा जोहार घालावा, गावकुसाबाहेर राहावे आणि पुढल्या जन्माची वाट पाहावी. परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी या शिकवणुकीचा पुरता समाचार घेतला आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व राज्याने आपल्या अंगावरून झटकून टाकावी, एवढ्यासाठीच गतकर्माचा हा सिद्धांत रचला गेला असावा, असे त्यांचे म्हणणे. बुद्धाच्या धम्मात कर्म आहे; परंतु ते याच जन्मीचे, याच हातांनी केलेले.

कपाळावर कोणी लिहीत नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे आपल्या हातातील लेखणीकडे पाहावेच लागते. आज आम्हांस त्या लेखणीविषयीच बोलावयाचे आहे. शाळेच्या दाखल्यावर, सरकारी अर्जावर, जनगणनेच्या पत्रकावर धर्माचा एक रकाना असतो. दर रविवारी विहारात जाऊन त्रिशरण-पंचशील ग्रहण करणारी कितीतरी कुटुंबे त्या रकान्यात आजही ‘हिंदू’ असे लिहितात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: “काम लवकर होते. उगीच भानगड कशाला?”

या उत्तरामागील भय निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. 10 ऑगस्ट 1950 रोजी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या होत्या. 1956 साली शिखांचा त्यात समावेश झाला. बौद्धांना मात्र 1990 पर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्र राज्याने 1960 नंतर नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या खऱ्या, परंतु केंद्राचे दार तब्बल 34 वर्षे बंद होते. त्या काळात मुलाच्या शिक्षणासाठी वा नोकरीसाठी एखाद्या मातापित्यांनी मन मारून जुनाच धर्म लिहिला असेल, तर त्यांच्यावर दगड उचलण्यास आमचा हात धजत नाही.

पण त्याच काळात दुसरीही माणसे होती, आणि ती थोडी नव्हती. 1951 च्या जनगणनेत साऱ्या भारतात बौद्धांची संख्या सुमारे 1 लक्ष 81 हजार होती. 1961 साली ती साडेबत्तीस लक्षांच्या घरात गेली, आणि त्यांपैकी जवळजवळ 27 लक्ष 90 हजार एकट्या महाराष्ट्रातील होते. हे कोण होते? शेतमजूर, गिरणी कामगार, रेल्वेचे खलाशी, झाडूवाले. ‘बौद्ध’ असे सांगितल्याने काय गमवावे लागेल, याची कल्पना त्यांच्यातील पुष्कळांना होती. तरीही गणनेदार दारात आला तेव्हा त्यांनी ताठ मानेने तो शब्द उच्चारला. 1990 साली कायदा बदलला तो या माणसांच्या व त्यांच्या मुलाबाळांच्या मागणीमुळे. सर्वांनीच सोयीचा शब्द लिहिला असता तर मागणी करावयास बौद्ध म्हणून उरले कोण असते?

जवळची वाट बाबासाहेबांपुढेही होती. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास त्यांनी धर्मत्यागाची घोषणा केली, तेव्हा निरनिराळ्या धर्मांची माणसे त्यांच्या दाराशी आली. कोणाचाही हात धरून दुसऱ्या वर्षी ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी 21 वर्षे घेतली. ग्रंथ वाचले, सिंहल व ब्रह्मदेश पाहिले, 1954 च्या डिसेंबरात देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, 1955 साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली, आणि मगच 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास दीक्षा घेतली. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याचीही प्रतिज्ञा आहे. अर्जावरील खोटे त्यातून वगळलेले नाही!

आता काहीजण विचारतात, जातीच्या रकान्याचे काय? तेथे पूर्वीची जात लिहावी लागते याचे शल्य आम्हांसही आहे. परंतु ती, झालेल्या अन्यायाच्या भरपाईसाठी राज्याने मागितलेली पूर्वेतिहासाची नोंद आहे. म्हणूनच पडताळणीच्या वेळी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा विचारतात. धर्माचा रकाना निराळा. तेथे आपण आज काय आहोत हे विचारलेले असते, आणि ‘बौद्ध’ लिहिल्याने 1990 पासून सवलत जात नाही. ज्यांना खरोखर किंमत मोजावी लागली त्यांनी खरे लिहिले, आणि ज्यांना ती मोजावयाची नाही ते आपण सोयीचे लिहीत आहोत, ही गोष्ट आम्हांस अधिक बोचते.

सोयीचा परिणाम ताबडतोब दिसत नाही. आमच्या परिचयाच्या एका घरातील दहा वर्षांच्या मुलीने आपला शाळेचा दाखला वाचून वडिलांना विचारले, “बाबा, आपण घरात बौद्ध आणि शाळेत हिंदू असतो का?” वडील निरुत्तर झाले. पुढे त्यांनी नोंद दुरुस्त करण्यासाठी खेटे घालण्यास आरंभ केला. प्रतिज्ञापत्र, अर्ज, पुन्हा अर्ज. शाळा सोडल्यावर तर ही दुरुस्ती फारच कठीण होऊन बसते. जे एका शब्दाने प्रारंभीच झाले असते, त्यासाठी त्या गृहस्थांच्या कित्येक दिवसांच्या रजा खर्ची पडल्या. आणि मुलीच्या मनात जो प्रश्न उमटला त्याची दुरुस्ती कोणत्या कचेरीत व्हावयाची?

2011 च्या गणनेत देशात 84 लक्ष 42 हजार बौद्ध नोंदले गेले, त्यांपैकी 65 लक्षांहून अधिक महाराष्ट्रात. खरी संख्या याहून मोठी असावी असे आम्हांस वाटते. किती मोठी, हे तुमच्याच उत्तरांनी ठरेल. 2027 च्या जनगणनेची अधिसूचना 16 जून 2025 रोजी निघाली आहे. गणनेदाराने तुमचे नाव-आडनाव पाहून धर्म तर्काने लिहावयाचा नसतो, तुम्ही सांगाल तोच लिहावयाचा असतो. तेव्हा तो लिहीत असता जवळ उभे राहा, काय लिहिले ते विचारा, आणि घरातील मुलांना त्या वेळी बाहेर खेळावयास पाठवू नका.