नोटीस बजावली, पण कळली का?



सोसायटीचे कर्ज थकले की सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो. मग मागणी नोटीस, जप्ती आणि 1961 च्या नियम 107 प्रमाणे जमिनीचा लिलाव. लिलावाचा जाहीरनामा तालुका कचेरीत 30 दिवस आधी डकवायचा आणि गावात दवंडी पिटायची, असे हा नियम सांगतो. म्हणजे कागद सगळ्यांना वाचता येत नाही, हे सरकारला तेव्हाच ठाऊक होते! पण दवंडी ऐकून धावतो तो बोली लावणारा. कर्जदाराच्या हाती येतो बारीक टायपातला कागद. आंधळ्याला तो कोरा, आणि बहिऱ्याला दवंडीही मुकी.

अशी माणसे आपल्यात आहेत. कुणाचा हात मळणीयंत्रात गेला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, काहींच्या डोळ्यांना इजा झाली. हात किंवा डोळा गेला की कमाई तुटते आणि हप्ता थकतो.

मग नोटीस वाचून कोण दाखवतो? भाऊ. त्याच सातबाऱ्यावर नाव असलेला भाऊ. सगळेच भाऊ वाईट नसतात. पण वाचणाऱ्याचाच जमिनीवर डोळा असेल तर मुदतीची तारीख त्याच्या तोंडून निघत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 13 ने हे ओळखले आहे. मालमत्तेच्या व्यवहारात मदतनिसाचा स्वार्थ आडवा येत असेल तर त्याने बाजूला व्हावे, असे ते कलम म्हणते. ब्रेल, मोठा टाइप, सांकेतिक भाषा, सोपी भाषा, वाचून दाखवणारा माणूस, हे सारे त्याच कायद्याने संवादाच्या व्याख्येत घातले आहे. वसुली खात्याने ती व्याख्या अजून उघडलेली दिसत नाही.

आमची मागणी साधी आहे. नोटीस बजावणाऱ्याने ती कर्जदाराने निवडलेल्या माणसासमोर मराठीत वाचावी. बहिऱ्याला सांकेतिक भाषेचा दुभाषा द्यावा. रक्कम, शेवटची तारीख आणि हरकत कुठे घ्यायची, हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत असावे. हे झाल्याशिवाय मुदत मोजू नये.

तोवर एवढे ध्यानात ठेवा. लिलाव झाला तरी 30 दिवसांत थकबाकी, खर्च आणि खरेदी किमतीच्या 5 टक्के रक्कम भरून तो रद्द करून घेता येतो. बँकांचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. तारण घराला लागतो, तिथे पहिली नोटीस 60 दिवसांची असते.

जिल्हा बैठकीला येताना शेजारच्या अशा घरातली नोटीस पाकिटासकट आणा. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का लागतो.