कुठल्या कंपनीची हार्ड डिस्क घ्यावी?

"काकूला कॉम्प्युटरमधलं कळतं" अशी माझी ख्याती नात्यात कशी पसरली कोण जाणे! जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, माझं बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातलं. पण निवृत्तीनंतर घरातले जुने फोटो स्कॅन करायचं वेड लागलं आणि तेव्हापासून अधूनमधून कुणाचा तरी फोन येतोच, "काकू, फोटो ठेवायला कुठल्या कंपनीची हार्ड डिस्क चांगली?"

तर मंडळी, माझं स्पष्ट मत सांगते. हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "दुसरी प्रत कुठे आहे?"

एवढं तोडून बोलायला कारण घडलंय. पुण्याच्या पुतण्याने लेकीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो एका नावाजलेल्या कंपनीच्या डिस्कवर ठेवले होते. चार जणांना विचारून घेतलेली डिस्क. मग जागा हवी म्हणून फोनमधले आणि लॅपटॉपवरचे फोटो पुसले. अडीच वर्षांनी डिस्क टकटक आवाज करू लागली आणि दोन दिवसांत गप्प झाली. हमी तीन वर्षांची होती. कंपनीने कुरकुर न करता नवी डिस्क दिली... कोरी! हमीपत्र नीट वाचलंत तर कळेल, हमी सहसा डब्याची असते, आतल्या फोटोंची नसते. डिस्कमधून फोटो काढून देणाऱ्याने नव्या डिस्कच्या कितीतरी पट पैसे सांगितले, वर "निघतीलच असं नाही" हेही. नाहीच निघाले. आमच्या सासूबाई पणतीला मांडीवर घेऊन बसल्यात असा एकच फोटो होता. सासूबाई आता नाहीत.

यात कंपनीचा दोष किती? मला विचाराल तर फारसा नाही. डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारा काटा त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगतो. ती इतके दिवस चालते याचंच खरं तर नवल. चालू असताना टेबलावरून पडली की खेळ खलास.

बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी लोकांच्या फायलींच्या प्रती सांभाळते आणि २०१३ पासून आपल्या डिस्कची नोंद ठेवून ती जाहीर करते. २०२४ अखेर त्यांच्याकडे तीन लाखांच्या आसपास डिस्क होत्या आणि वर्षभरात बिघडण्याचं प्रमाण १.५७ टक्के. म्हणजे शंभरात दीड. आकडा लहान वाटतो ना? मी शाळेत होते, मला निकालाची भाषा कळते. शाळेचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागला तरी नापास झालेल्या पोराच्या घरी त्याचा काय उपयोग? शिवाय त्या यादीत एकाच कंपनीचं एक मॉडेल उत्तम तर दुसरं रडकं असं सर्रास दिसतं, आणि मॉडेलची परीक्षा पुरी होईतो ते बाजारातून गेलेलं असतं. तबकड्यांच्या डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता उरल्यात तीनच: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. घ्या कुठलीही. पण दोन घ्या, आणि शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच घाण्याचा दोष दोन्हींत यायला नको. आणि हजार रुपयांत सोळा टीबी देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका! तो माल बनावट असतो. आकडा सोळा दाखवतो, पण आत जागाच नसते.

नवी एसएसडी घ्यावी का, असंही विचारतात. तिच्यात फिरणारं काही नाही, धक्के सोसते, प्रवासाला उत्तम. पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात टाकून ठेवण्याची ती वस्तू नव्हे. त्या कामाला मला जुनी फिरकीच बरी वाटते.

दोन डिस्क झाल्या. आता त्या एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवायच्या नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. पाणी कंपनीचं नाव वाचून येत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम म्हणूनच मला पटतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीसाठी गूगल फोटोज वगैरे आहेच, पण १ जून २०२१ पासून तिथलं अमर्याद फुकट संपलं, १५ जीबी भरलं की पैसे. आणि फोनला जोडलेलं असताना तिथे पुसलंत की दोन्हीकडून जातं, हे किती जणांना माहीत असतं?

राहिली तपासणी. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना पिक्सारमध्ये एका चुकीच्या आज्ञेने सिनेमाच्या फायली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो धड चालत नव्हता, हे तेव्हाच कळलं! गेलिन सुस्मन या त्यांच्या तांत्रिक प्रमुख, घरी तान्हं बाळ म्हणून घरून काम करत, त्यांच्या घरच्या मशीनवर प्रत होती म्हणून निभावलं. एवढ्या मोठ्या लोकांची ही कथा, तर आपण कोण? मी वर्षातून एक दिवस ठरवलाय, सर्वपित्रीचा. नैवेद्य झाला की दोन्ही डिस्क लावते, अधलेमधले फोटो उघडून बघते. पाच वर्षं झालेली डिस्क निवृत्त करते, कुरकुर करो न करो. (आम्हाला नाही का, अठ्ठावन्नाला घरी पाठवलं!)

असो. आता नातेवाइकांसाठी. आपल्या घरच्या फोटोंची एक डिस्क माझ्याकडे आहे, दुसरी दिवाळीत नागपूरला धाकट्या जाऊबाईंकडे जाईल. ज्यांच्याकडे सासूबाईंचे फोटो असतील त्यांनी त्याआधी पाठवा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवू नका, फोटो आक्रसतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि सोबत कोण कोण आहे ती नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. ती सांगू शकणारी आता आम्ही तिघंच उरलोय.